समुद्री माशांच्या पिल्लांचे पहिले दहा दिवस

सांडोर परिसरात माशांचा विषय निघाला की बोलणे बोंबील-पापलेटाकडे आणि पाचूबंदरच्या नौकांकडे वळते. मात्र आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी हौसेने घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली आहे, आणि भेटीत त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. क्लाऊनफिशने अंडी घातली, पिल्ले निघाली, तीन दिवसांत सगळी मेली. हा रोग कोणता? बहुतेक वेळा रोग नसतोच. पिल्ले उपाशी मेलेली असतात.

गप्पी पाळणाऱ्याला हे चटकन पटत नाही. गप्पीचे पिल्लू आईच्या पोटातून तयार होऊन येते आणि पहिल्याच दिवशी खाद्याची पूड टिपते. क्लाऊनफिशचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब असते. सोबतची पिवळ्या बलकाची शिदोरी फार तर एक-दोन दिवस पुरते. त्याचे तोंड इतके लहान, की आपण ज्याला बारीक पूड म्हणतो ते त्याच्यासाठी दगडच. शिवाय जे हलत नाही ते त्याला अन्न वाटत नाही.

म्हणून तयारी अंड्यांच्या आधी करावी लागते. या पिल्लांचे पहिले अन्न म्हणजे रोटिफर, पाव मिलिमीटरहूनही लहान असा पाण्यातील जीव. तो हिरव्या सूक्ष्म शैवालावर वाढतो. शैवालाची एक बाटली आणि रोटिफरची एक बादली निदान दोन आठवडे आधी सुरू करावी. पिल्लांच्या टाकीत दर मिलिलिटर पाण्यात पाच ते दहा रोटिफर सतत असावेत. काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन भिंगाखाली मोजता येतात. सहाव्या ते आठव्या दिवसापासून आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले द्यावीत, पण रोटिफर एकदम बंद करू नयेत. आर्टेमियाच्या अंड्यांची टरफले गाळून काढावीत, ती पिल्लांच्या पोटात अडकतात.

पंचशील पाळणाऱ्या घरात येथे प्रश्न उभा राहतो: एका जिवासाठी दुसरा जीव वाढवून खाऊ घालावा काय? त्याला सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु जोडी टाकीत आणणे हा आपला निर्णय असतो, आणि शेकडो पिल्ले दर खेपेस भुकेने मरू देणे ही काही अहिंसा नव्हे. ज्याला रोटिफरची बादली सांभाळणे जमणार नाही, त्याने जोडी लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंड्यांची काळजी नर घेतो. तो परांनी त्यांच्यावर पाणी वारतो, खराब अंडी तोंडाने वेचून काढतो. पाणी २७-२८ अंश सेल्सिअस असेल तर साधारण आठवड्याने अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात, आणि मग एखाद्या रात्री, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत पिल्ले बाहेर पडतात. सकाळपर्यंत थांबलो तर ती मोठ्या माशांच्या पोटात किंवा फिल्टरमध्ये जातात. त्या रात्री फिल्टर बंद ठेवावा, टाकीच्या एका कोपऱ्यावर बॅटरीचा प्रकाश धरावा. पिल्ले तेथे गोळा होतात. ती पाण्यासकट भांड्याने उचलावीत. जाळी लावू नये, त्यांचे अंग तेवढे सोसत नाही. नव्या टाकीच्या बाजू काळ्या कागदाने झाकाव्यात आणि हवेचा बुडबुडा अगदी मंद ठेवावा.

पाण्याबाबत आपल्या भागासाठी दोन शब्द. वसईच्या किनाऱ्याचे पाणी गढूळ असते, आणि पावसाळ्यात खाडीतून येणाऱ्या गोड्या पाण्याने त्याचा खारेपणा उतरतो. मिठागरातील मीठ विरघळवून काम होईल असे काहींना वाटते. पण मीठ पकडताना मॅग्नेशियमयुक्त कडू पाणी सोडून दिलेले असते, त्यामुळे त्या मिठापासून पुन्हा समुद्र बनत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे कृत्रिम समुद्री मीठ घ्यावे आणि खारेपणा दर हजारी ३० ते ३५ राखावा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ हवाच.

एवढा खटाटोप कशासाठी? बाजारातील बरेच समुद्री शोभिवंत मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणले जातात. इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल हा मासा अशा पकडीमुळेच संकटग्रस्तांच्या यादीत गेला. (त्याचा नर पिल्ले तोंडात सांभाळतो, आणि ती बाहेर येताच आर्टेमिया खातात, नवशिक्यांना हा मासा सोपा.) समुद्रघोडा मात्र २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे, तो घरी ठेवूच नये. क्लाऊनफिशचे प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम् व विळिंजम येथील केंद्रांनी साधले, आणि आपल्याजवळ ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही हे मासे वाढवले जातात. जोडी घ्यायची तर अशा हॅचरीत जन्मलेलीच मागावी.

दहाव्या दिवसाच्या आसपास पिल्लांच्या अंगावर पांढरा पट्टा उमटू लागतो आणि ती तळाकडे येतात. येथून मरतूक बरीच कमी होते. हळूहळू सुके खाद्य सुरू करावे. बोटुकली झाल्यावर कुणाला द्यायची असतील तर नर-मादी शोधत बसू नये. एक मोठी व एक लहान अशी जोडी द्यावी. मोठी पुढे मादी होते, लहान नर राहते.