ट्रक-मोटार धडक : जोर कुणाचा जास्त?

गैरसमज : धडकेत ट्रक मोटारीला जास्त जोराने ढकलतो, मोटारीचा ट्रकवरचा जोर किरकोळ असतो.

वस्तुस्थिती : मोटारीचा चक्काचूर होतो आणि ट्रकचा बंपर तेवढा वाकतो, म्हणून हा समज पक्का होतो. पण न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या तिसऱ्या नियमानुसार दोघांचे एकमेकांवरचे बल समानच असते. फरक पाडते ते वस्तुमान. १० टनांचा ट्रक आणि १ टनाची मोटार ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर आदळून एकमेकांत अडकली असे धरू. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ट्रकचा ६००, मोटारीचा उलट दिशेने ६०, उरले ५४०. ते ११ टनांत वाटले की दोन्ही गाड्या ट्रकच्याच दिशेने ताशी सुमारे ४९ किलोमीटरने सरकतात. संवेगातला बदल दोघांचा सारखाच, सुमारे १०९. वेगाचे मात्र तसे नाही : ट्रकचा वेग जेमतेम ११ ने घटतो, मोटारीचा ६० संपून उलटा ४९ होतो, म्हणजे १०९ ने बदलतो. इजा ठरते ती या दहापट बदलावरून. यावर कुणी म्हणेल, ट्रक दणकट आणि मोटार लेचीपेची, मग बल समान कसे? न्यूटनने लोकर, बूच, काच आणि पोलाद यांचे गोळे टांगून एकमेकांवर आदळवून पाहिले होते. पदार्थानुसार उसळी कमीजास्त झाली, पण एकाने गमावलेला संवेग दुसऱ्याला मिळालाच.

गैरसमज : दोन सारख्या मोटारी प्रत्येकी ६० च्या वेगाने समोरासमोर धडकणे म्हणजे भक्कम भिंतीवर १२० ने आदळणे.

वस्तुस्थिती : इथेही वेगातला बदलच पाहावा. दोन्ही संवेग एकमेकांना छेद देतात आणि मोटारी जागीच थांबतात. प्रत्येकीचा बदल ६० चा, म्हणजे भिंतीवर ६० ने आदळण्याइतकाच. एकमेकींच्या दृष्टीने वेग १२० असतो हे खरे, पण धडकेची ऊर्जा जिरवायलाही दोन मोटारी असतात. भिंतीवर १२० ने आदळणाऱ्या एकट्या मोटारीला ६० च्या चौपट ऊर्जा पचवावी लागते. समोर मोटारीऐवजी वरचा ट्रक असेल, तर मात्र बदल १०९ वर जातो. तो बदल सीटबेल्ट कमी करू शकत नाही. शरीराला थांबायला थोडा जास्त वेळ मिळवून देतो, आणि तेवढ्याने शरीरावरचे बल घटते.