खानदेशचा चंद्र, जुन्या वेबकॅममधून

चैत्र शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र धुळे-जळगावात सूर्य मावळताना जवळजवळ डोक्यावर असतो, खस्वस्तिकापासून फार तर सात-आठ अंश इकडे-तिकडे. लंडनहून तोच चंद्र क्षितिजापासून सत्तर अंशांच्या वर कधीच चढत नाही. दुर्बिणीतून चंद्राचा फोटो काढणाऱ्याला या उंचीचे मोल मोठे. तीस अंशांवरच्या चंद्राचा उजेड डोक्यावरच्या चंद्राच्या दुप्पट हवा ओलांडून आपल्यापर्यंत येतो, आणि फोटो बिघडवते ती हवाच. आपण २१ अक्षांशावर राहतो म्हणून वसंतातला अर्धा चंद्र आपल्याला असा आयता मिळतो.

मात्र त्याच दिवसांत भुसावळ-जळगावचा पारा चाळिशीपलीकडे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर दुर्बीण लावून चंद्र पाहिला तर विवरांच्या कडा सारख्या थरथरतात, भर दुपारी डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तशा. अशा हवेत महागड्या कॅमेऱ्याने काढलेला एकच फोटो हमखास पुसट येतो. इथेच जुना वेबकॅम कामाला येतो. तो सेकंदाला दहा चित्रे घेतो. त्यातली बहुतेक खराब असतात, पण मधूनच हवा क्षणभर निवळते आणि एखादे चित्र लख्ख येते. तेवढी लख्ख चित्रे वेचायची, एकावर एक रचायची आणि बाकीची टाकून द्यायची. सगळी पद्धत एवढीच आहे.

त्यामागे पक्के गणित आहे. डेव्हिड फ्रीड या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवले, की हवेतल्या स्थिर पट्ट्याच्या मानाने दुर्बिणीचा व्यास किती मोठा आहे, यावर लख्ख चित्र मिळण्याची शक्यता ठरते. व्यास त्या पट्ट्याच्या सातपट असेल तर साधारण साडेतीनशे चित्रांत एक चांगले निघते. तो दहापट झाला तर दहा लाखांत एक. म्हणजे तापलेल्या हवेत मोठ्या दुर्बिणीला वाट पाहत बसावे लागते आणि चार-साडेचार इंचीला भराभर संधी मिळतात. शाळेच्या कपाटात पडून असलेल्या ११४ मिलिमीटरच्या परावर्ती दुर्बिणीला कमी लेखू नये, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

आता वेबकॅमकडे वळू. या छंदात नाव झाले ते फिलिप्सच्या टूकॅम प्रोचे. पुढे लॉजिटेकचे साधे वेबकॅमही लोकांनी उघडले. टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला एखादा वेबकॅम घरात पडून असेल तर तोही चालेल. पुढचे कव्हर नखाने किंवा पातळ पट्टीने उचकायचे, आतले बारीक स्क्रू काढायचे. मधोमध आटे असलेले छोटे भिंग दिसते. त्याला डिंकाचा थेंब लावलेला असतो. तो खरवडून भिंग उलटे फिरवले की बाहेर येते. त्याच्या मागे इवलीशी रंगीत काच असते, ती अवरक्त किरण अडवते. भिंग गेले की काम भागते, कारण आता दुर्बीण हेच कॅमेऱ्याचे भिंग. रंगीत काच मात्र भिंगालाच चिकटलेली असेल तर तीही जाते आणि चंद्र लालसर दिसू लागतो. चंद्राचे चित्र कृष्णधवल करायचे असेल तर त्याची चिंता करायला नको. भिंगाच्या दुर्बिणीत मात्र अवरक्त किरणांचा फोकस वेगळा पडतो आणि कडा मऊ येतात. तिथे नवी अवरक्तरोधक फिल्टर काच लावावी.

उघड्या पडलेल्या सेन्सरला बोट लावायचे नाही, तोंडाने फुंकर मारायची नाही, आणि हे काम पंख्याखाली करायचे नाही. आपल्याकडची धूळ दोन मिनिटांत त्यावर बसते, आणि चंद्राच्या चित्रात ते डाग काळ्या विवरांसारखे दिसतात. वेबकॅमचा छोटा दिवाही काळ्या चिकटपट्टीने झाकावा.

मग हा वेबकॅम दुर्बिणीच्या फोकसरमध्ये, म्हणजे नेत्रिकेच्या नळीत, बसवायचा कसा? फोकसरचे भोक सव्वा इंचाचे, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. जगभर लोकांनी त्यासाठी फिल्म रोलची जुनी डबी वापरली, कारण ती बरोबर तेवढीच असते. जुन्या फोटो स्टुडिओत विचारले तर अजून मिळू शकते. पण ठिबकच्या या मुलुखात त्याहून सोपी वस्तू आहे: ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. बाहेरचा व्यास पाव मिलिमीटरने जास्त, तेवढा पॉलिश पेपरने घासून काढला की तुकडा फोकसरमध्ये सरकतो. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढीच ठेवावी. पाइप लांब झाला तर सेन्सर फोकसपासून दूर राहतो आणि छोट्या परावर्ती दुर्बिणीचा फोकसर पूर्ण आत दाबूनही चित्र स्पष्ट होत नाही. आतून काळा रंग द्यायचा. चिकटवायला एम-सील घ्यावे, फेविक्विक नको; त्याच्या वाफा सेन्सरवर पांढरा थर सोडतात.

आता आकडे पाहू. ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर बहुधा ९०० मिलिमीटर असते. चंद्राचे चित्र त्या अंतराच्या ११०व्या भागाएवढे, म्हणजे ८ मिलिमीटरचे पडते. टूकॅमचा सेन्सर ३.६ गुणिले २.७ मिलिमीटर. त्यामुळे अख्खा चंद्र मावतच नाही. अर्धा चंद्रसुद्धा सात-आठ तुकड्यांत टिपून नंतर जोडावा लागतो. एका पिक्सेलमध्ये चंद्रावरचे सुमारे २.४ किलोमीटर येतात, दुप्पट वाढवणारी बार्लो काच लावली तर १.२. त्यापलीकडे या आकाराच्या दुर्बिणीत तपशीलच नसतो. दुर्बिणीला मोटर नसेल तर चंद्र सेन्सरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला साधारण पन्नास सेकंदांत सरकतो. त्याला अडवू नये. एका कडेला आणून सोडायचे आणि तेवढ्यात मिळतील ती पाचशे चित्रे घ्यायची, पुन्हा कडेला आणायचे.

रेकॉर्डिंगला शार्पकॅपसारखे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. आपोआप उजेड ठरवण्याची सोय आधी बंद करावी, नाहीतर काळ्या आकाशामुळे वेबकॅम चंद्र पांढराफटक करून ठेवतो. फोकस उजेड-अंधाराच्या सीमारेषेवरच्या एखाद्या डोंगराच्या सावलीवर साधायचा. नंतरची निवड रेजिस्टॅक्स किंवा ऑटोस्टॅकर्ट करते: प्रत्येक चित्राची स्पष्टता मोजून क्रम लावते, वरची दहा-वीस टक्के एकमेकांवर बसवते. शंभर चित्रे रचली की दाणेदारपणा दहाव्या हिश्शावर येतो, आणि मगच कडा धारदार करण्याला अर्थ उरतो. एकाच चित्रावर धार चढवली तर दाणेच मोठे होतात.

जागेची निवड दुर्बिणीइतकीच महत्त्वाची. गच्ची सोडा. ओलिताखालचे शेत, केळीच्या बागेशेजारची मोकळी जमीन, जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याचा नकाणे तलाव अशा ठिकाणी जमीन कमी तापते आणि हवा लवकर बसते. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो.

याच खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. गोल, चक्र, शंकू अशी यंत्रे सांगून झाल्यावर त्यांनी सगळ्यांत श्रेष्ठ ठरवले ते धीयंत्र: हाती साधी काठी घेऊन वेध घ्यायचा आणि उंची-अंतर बुद्धीने काढायचे. पाटण्याला चंडिकेच्या दर्शनाला जाणाऱ्या शाळांच्या सहलींनी हा अध्याय मुलांना जरूर सांगावा, आणि परतल्यावर वेबकॅम उघडायला बसवावे.

पहिल्या रात्री काय टिपावे? पौर्णिमा टाळावी, कोजागरीला चंद्रावर सूर्य समोरून पडतो, सावल्या नसतात आणि विवरे सपाट दिसतात. शुद्ध पंचमी-षष्ठीला शांतिसागरात आर्यभट विवर सापडते, २२ किलोमीटरचे, लाव्ह्यात निम्मे बुडालेले. नुसत्या वेबकॅमने ते नऊ पिक्सेल रुंद येते, बार्लोने अठरा. नवमी-दशमीला ९३ किलोमीटरचे कोपर्निकस सूर्यप्रकाशात येते आणि त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा पहिल्याच प्रयत्नात दिसतात. विक्रम साराभाईंच्या नावाचे विवर अवघे आठ किलोमीटरचे. ते षष्ठी-सप्तमीला शोधावे, बार्लो लावूनच, आणि हवा बसलेल्या रात्री.