चासी ते रस्ता : जमशेदपूरच्या कारखान्यात घडणारा ट्रक

वाण्याच्या दुकानातील साखर, शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचलेले खत, नव्या घरासाठी आलेले सिमेंट आणि सळ्या. या साऱ्या वस्तूंनी आपल्या आयुष्याचा काही काळ ट्रकमध्ये काढलेला असतो. देशाच्या अर्थव्यवस्थेला रक्तवाहिन्यांची उपमा द्यावयाची झाल्यास रस्ते या त्या वाहिन्या आणि ट्रक हे त्यांतून वाहणारे रक्त होय. बँकेच्या शाखांनाही ट्रक अपरिचित नाही. वाहनकर्जाच्या फायलीत चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि पेन्सिल घासून कागदावर उतरविलेला चासीचा ठसा असतो. तथापि ज्या वाहनाचा तो ठसा, ते वाहन प्रत्यक्षात घडते कसे, याची कल्पना कर्ज देणाऱ्यास व घेणाऱ्यासही क्वचितच असते. ती यावी म्हणून झारखंडमधील जमशेदपूर येथील टाटा मोटर्सच्या कारखान्याचा आणि तेथून पुढे ट्रकच्या वाटचालीचा हा परिचय.

रेल्वे इंजिनांचा वारसा

जमशेदपूर म्हटले की पोलादाचे स्मरण होते. १९१२ साली येथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले. त्याच शहराच्या एका भागात १९४५ साली ‘टाटा इंजिनियरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी’, अर्थात ‘टेल्को’, स्थापन झाली. नावात ‘लोकोमोटिव्ह’ हा शब्द होता, कारण प्रारंभीचे उद्दिष्ट रेल्वेची वाफेची इंजिने बनविणे हे होते. मीटरगेज मार्गांवर धावणारी अनेक इंजिने या कारखान्याने भारतीय रेल्वेला पुरविली.

ट्रकचे पर्व सुरू झाले ते १९५४ साली. जर्मनीच्या डाइमलर-बेंझ या कंपनीशी पंधरा वर्षांचा तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि मर्सिडीज-बेंझचे तीन टोकांच्या ताऱ्याचे चिन्ह मिरविणारे ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडू लागले. प्रारंभी बरेचसे भाग परदेशातून येत, परंतु वर्षागणिक देशी भागांचे प्रमाण वाढत गेले. १९६९ साली करार संपला तेव्हा ट्रक तोच राहिला. बदलले ते केवळ त्याच्या तोंडावरील चिन्ह. ताऱ्याच्या जागी ‘टी’ हे अक्षर आले. २००३ साली कंपनीने ‘टाटा मोटर्स’ हे नाव धारण केले. तरीही या परिसराला ‘टेल्को’ हेच नाव जनमानसात टिकून आहे.

या वाटचालीत एका मराठी अभियंत्याचा वाटा फार मोठा आहे. मुंबईत जन्मलेले सुमंत मूळगावकर हे टेल्कोचे दीर्घकाळ कार्यकारी प्रमुख व पुढे अध्यक्ष होते. जमशेदपूरच्या उभारणीनंतर पुण्याचा कारखानाही त्यांच्याच नेतृत्वाखाली आकारास आला. १९९४ साली आलेल्या ‘सुमो’ या वाहनाचे नाव त्यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे.

जर्मन सहकार्याच्या खुणा नावांतून आजही दिसतात. ‘१६१२’ या आकड्यातील पहिले दोन अंक एकूण भारक्षमता, म्हणजे सुमारे १६ टन, दर्शवितात, तर पुढील दोन अंकांच्या दहापट केली की इंजिनाची अश्वशक्ती मिळते, म्हणजे सुमारे १२०. १९८६ साली आलेल्या लोकप्रिय ‘४०७’ची फोडही तशीच : चार टनांचा वर्ग, सत्तरच्या आसपास अश्वशक्ती. ‘एलपीके’ या नावातील ‘के’ हा ‘किपर’ या जर्मन शब्दावरून आलेला असून त्याचा अर्थ डंपर असा आहे. कर्जाच्या अर्जावर रुक्ष भासणारे हे आकडे असे बोलके असतात.

सांगाडा : वेल्डिंग नव्हे, रिव्हेट

कारखाना पाहावयास येणाऱ्यास सर्वप्रथम जाणवते ती ही गोष्ट की ट्रकचा प्रारंभ इंजिनापासून होत नाही, सांगाड्यापासून होतो. पोलादाच्या लांब पट्ट्या प्रचंड दाबाच्या प्रेसखाली जातात आणि त्यांच्या कडा दुमडून त्यांना कंसासारखा आकार येतो. अशा दोन लांब बाजूपट्ट्या समांतर ठेवून त्यांना आडव्या पट्ट्यांनी जोडले की शिडीसारखा सांगाडा तयार होतो. यालाच फ्रेम म्हणतात आणि ट्रकचा सारा भार अखेरपर्यंत हीच शिडी वाहते.

या पट्ट्या वेल्डिंगने न जोडता प्रामुख्याने रिव्हेटने जोडल्या जातात. पाहुण्यास हे जुनाट वाटण्याचा संभव आहे, पण त्यामागील कारण महत्त्वाचे आहे. खाचखळग्यांच्या रस्त्यावर भरलेला ट्रक चालतो तेव्हा सांगाडा किंचित पिळवटला जातो. रिव्हेटचे सांधे हा पीळ सहन करतात. याउलट वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेभोवतालच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि कालांतराने तेथेच तडा जाण्याची भीती असते. म्हणूनच फ्रेमवर मनमानी वेल्डिंग करू नये, वाटेल तेथे भोके पाडू नयेत, अशी सूचना निर्माते आवर्जून देतात. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हीच सूचना सर्वाधिक मोडली जाते, ही खेदाची बाब होय.

जुळणीची साखळी

यानंतर सांगाडा जुळणीच्या साखळीवर येतो. ट्रकच्या जुळणीची प्रचलित रीत अशी की सांगाडा प्रथम उलटा ठेवतात. त्यामुळे पाटे आणि पुढील-मागील ॲक्सल वरून सहज बसविता येतात, कामगारास वाहनाखाली शिरावे लागत नाही. हे काम झाले की सांगाडा उलटवून सुलटा केला जातो. पुढील टप्प्यांवर ब्रेकच्या हवेच्या नळ्या, विजेच्या तारांचे जुडगे, हवेच्या टाक्या आणि डिझेलची टाकी चढते. क्लच व गिअरबॉक्स जोडलेले इंजिन यारीने अलगद उतरविले जाते. इंजिनांपैकी काही शेजारच्याच ‘टाटा कमिन्स’ या १९९३ साली स्थापन झालेल्या संयुक्त कंपनीतून येतात. मग गिअरबॉक्सपासून मागील ॲक्सलपर्यंत शक्ती पोहोचविणारा प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर आणि चाके बसतात. चाकाचे सर्व नट एकाच वेळी, ठरलेल्या जोराने आवळणारी यंत्रे येथे वापरली जातात, कारण एक नट सैल राहिला तर त्याची किंमत महामार्गावर मोजावी लागते.

ब्रेकची रचना विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अवजड ट्रकचे ब्रेक दाबाखालील हवेवर चालतात. हवाच निघून गेली तर काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर पार्किंग ब्रेकमध्ये आहे. तेथे एक दणकट स्प्रिंग सदैव ब्रेक लावण्याच्या बाजूने जोर करीत असते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होऊन चाके जखडते. हवा कमी असलेला ट्रक सकाळी लगेच हलत नाही, त्याचे कारण हेच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज-६’ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. तेव्हापासून जुळणीच्या साखळीवर आणखी एक टाकी चढू लागली. चालक तिला ‘यूरियाची टाकी’ म्हणतात. तिच्यातील द्रावण धुराच्या मार्गात फवारले जाते आणि नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व पाणी यांत होते. डिझेलमधील गंधकाचे प्रमाणही त्याच वेळी दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणण्यात आले.

केबिनची वाट निराळी असते. पत्र्याचे भाग प्रेसमधून निघतात, यंत्रमानव त्यांना ठिकठिकाणी वेल्डिंगचे टाके घालतात, मग संपूर्ण केबिन रंगाच्या कुंडात बुडविली जाते. विजेच्या साहाय्याने रंगाचे कण कानाकोपऱ्यापर्यंत चिकटतात आणि भट्टीत भाजून पक्के होतात. पत्रा गंजू नये यासाठी हा खटाटोप. तयार केबिन अखेर चासीवर उतरते, तेल व पाणी भरले जाते आणि चावी फिरते.

सतरा अक्षरांची ओळख

तत्पूर्वी सांगाड्यावर चासी क्रमांक कोरला गेलेला असतो. तो सतरा अक्षरे व अंकांचा असतो. त्यातील पहिली तीन अक्षरे निर्माता कोण हे सांगतात. टाटा मोटर्ससाठी ती ‘एमएटी’ अशी आहेत. इंग्रजीतील ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे या क्रमांकात कधीही वापरली जात नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांशी गफलत घडवू शकतात. कर्जाच्या कागदावर यांपैकी एखादे अक्षर आढळल्यास लिहिणाऱ्याची चूक झाली आहे, असे खुशाल समजावे. पेन्सिलचा ठसा घेण्याच्या रिवाजाचे महत्त्व यातच आहे. हाताने उतरविलेला आकडा चुकू शकतो, पोलादावरून घासून घेतलेला ठसा मात्र पोलादात जे आहे तेच सांगतो.

अपुऱ्या ट्रकचा प्रवास

येथवर आलेल्या पाहुण्यास वाटते की ट्रक पूर्ण झाला. वस्तुतः कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या अनेक वाहनांना माल भरण्याची बॉडीच नसते. कापूस वाहणाऱ्यास उंच बॉडी हवी, वाळू वाहणाऱ्यास आखूड व दणकट, तर दुधासाठी टाकी. म्हणून ग्राहक केवळ चासी विकत घेतो आणि बॉडी अन्यत्र बांधून घेतो. तमिळनाडूतील नामक्कलसारख्या गावांचे अर्थकारण या व्यवसायाने घडविले आहे. महाराष्ट्रातही महामार्गालगतच्या अनेक गावांत सुतार, लोहार आणि रंगारी यांचे संसार बॉडी-बांधणीवर चालतात.

विक्रेत्यापर्यंत चासी पोहोचविण्याचे काम जमशेदपुरात ‘कॉन्व्हॉय’चे चालक करतात. केबिनविना, केवळ दर्शनी भाग असलेल्या चासी दीर्घकाळ मोठ्या संख्येने विकल्या जात. बससाठीच्या चासी आजही अशा निघतात. त्यांवर छप्पर नाही, दार नाही. तात्पुरत्या आसनावर बसून, डोक्याला फडके गुंडाळून, ऊन, पाऊस व धूळ अंगावर झेलीत हे चालक शेकडो किलोमीटरचा पल्ला गाठतात.

ट्रकमालकाचे गणित

आपल्या देशातील ट्रकमालकांत एक-दोन वाहने असलेल्या छोट्या व्यावसायिकांचा भरणा मोठा आहे. पुष्कळदा मालक हाच चालक असतो. त्याच्यासाठी चासी ते रस्ता हा काळ कसोटीचा होय. चासी ताब्यात आली, कर्ज उचलले गेले, व्याज सुरू झाले. मात्र बॉडी बांधून होऊन नोंदणी पूर्ण होईपर्यंत उत्पन्न शून्य. पहिला हप्ता कधी सुरू व्हावा हे या कालावधीचा विचार करून आधीच ठरवून घेणे, हे ग्राहक व शाखाधिकारी या दोघांच्याही हिताचे आहे.

दुसरी बाब बॉडीच्या वजनाची. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अक्षभाराच्या मर्यादा वाढविल्या आणि दोन ॲक्सलच्या ट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. या एकूण वजनात ट्रकचे स्वतःचे वजनही धरलेले असते. समजा, हौसेपोटी बॉडी पाचशे किलोंनी जड झाली, तर प्रत्येक खेपेस अर्धा टन माल कमी भरावा लागेल. महिन्याला दहा खेपा धरल्यास वर्षाला साठ टनांचे भाडे बुडाले. ते भरून काढण्यासाठी जादा माल भरला तर दंड, टायर व पाटे यांचा खर्च आणि ब्रेक न लागण्याचा धोका. बॉडीच्या दरपत्रकात किमतीइतकेच वजन पाहावे, ते यासाठी.

तिसरी बाब कागदपत्रांची. बॉडी स्वतंत्रपणे बांधली असेल तर नमुना क्रमांक २२-अ मध्ये चासीच्या निर्मात्याचे आणि बॉडी बांधणाऱ्याचे, अशी दोघांचीही प्रमाणपत्रे लागतात. बँकेचा नजरगहाण बोजा नमुना ३४ द्वारे नोंदणी प्रमाणपत्रावर चढतो आणि कर्ज फिटल्यावर नमुना ३५ द्वारे उतरतो. हा शेवटचा कागद घेण्याचे अनेकांच्या ध्यानी राहत नाही आणि वाहन विकतेवेळी धावपळ होते. विमा उतरवितानाही चासीच्या किमतीत बॉडीची किंमत मिळविली आहे की नाही, हे पडताळून पाहावे. अन्यथा अपघातानंतर भरपाई मिळते ती केवळ अर्ध्या ट्रकची.

चालकाची जागा

ट्रकच्या या जन्मकथेत एक गोष्ट फार काळ उपेक्षित राहिली. ती म्हणजे चालक बसतो ती जागा. कारखान्यात इंजिनाची चाचणी होई, ब्रेकची होई. परंतु केबिन बाहेर, लाकूड व पत्रा ठोकून बांधली जाई आणि अपघातात ती टिकेल काय, हे कोणी मोजत नसे. इंजिनाची धग, आवाज आणि मे महिन्याचे ऊन यांत चालकाने दिवसाचे बारा-बारा तास काढावेत, हे गृहीतच धरलेले होते.

आता या स्थितीत बदल होत आहे. कारखान्यातच बांधलेल्या व धडकेच्या कसोटीस उतरलेल्या केबिनचा प्रसार झाला आहे. डिसेंबर २०२३ मधील केंद्रीय अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ रोजी वा त्यानंतर निर्मित मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले. यामुळे किंमत काहीशी वाढते, हे खरे. परंतु ज्याच्या डोळ्यांवर झोप नाही आणि ज्याचे डोके उन्हाने तापलेले नाही, असा चालकच माल वेळेवर पोहोचवितो, वाहन सुखरूप परत आणतो आणि पर्यायाने हप्ताही वेळेवर भरतो.

बँकेच्या दफ्तरी ट्रक हे तारण असते. मालकाच्या घरी ते दोन वेळचे अन्न, मुलांचे शिक्षण आणि मुलीचे लग्न असते. जमशेदपूरच्या साखळीवर रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारापासून नामक्कलच्या सुतारापर्यंत अनेकांच्या हातांनी ते घडलेले असते. यापुढे कर्जाच्या फायलीत पेन्सिलचा ठसा लावताना त्या सतरा अक्षरांबरोबर चालकाच्या आसनाकडेही एकवार दृष्टी जावी. कर्जाची खरी सुरक्षितता त्या आसनावर बसणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेत सामावलेली आहे.