देवाला आई, शेकरूला मी!

जोगेश्वरीत राहणाऱ्या माणसाला शांतता म्हणजे काय ते विचारू नका. इथे जेव्हीएलआरवर रात्री दोनलाही ट्रक हॉर्न मारतात. म्हणूनच आई 'भीमाशंकरला जाऊया' म्हणाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिला ज्योतिर्लिंगाचं दर्शन हवं होतं, मला झोप!

भीमाशंकरची गंमत हीच आहे. देवस्थान आणि अभयारण्य एकाच डोंगरावर. १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. आम्ही मंदिराच्या अलीकडे, झाडीतलं एक छोटंसं हॉटेल पकडलं. गरम पाणी बादलीतून, जेवायला पिठलं-भाकरी आणि मोबाइलला रेंज फक्त गेटपाशी. बॉसला कळवायची गरज नाही, रेंजच त्याला कळवते!

संध्याकाळी बाल्कनीत बसून मी मोबाइलवर गाणी लावली. चहा घेऊन आलेले काका हळूच म्हणाले, ''ताई, शेकरू बघायचंय ना? मग ते बंद करा.'' मी ओशाळले. शांततेसाठी दोनशे किलोमीटर आले आणि आवाज सोबत घेऊन आले.

शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, तांबूस रंगाची मोठी खार. ही खार सहसा जमिनीवर उतरत नाही, या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत जाते. त्यामुळे वरची झाडी सलग हवी. मध्ये रस्ता रुंद झाला, झाडं तुटली की तिचा रस्ता बंद. इथली देवराई देवाच्या नावानं राखली गेली, म्हणून ती झाडी टिकली. म्हणजे शेकरूला देवानंच जागा दिली म्हणायची.

सकाळी आईचा नंबर. मंदिर खाली, दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून. गुडघे धरत, दर वळणावर बसत ती उतरली. नाना फडणवीसांनी शिखर बांधलेलं हे मंदिर आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाची आठवण सांगणारी पोर्तुगीज घंटा तिनं मन लावून पाहिली. डोली करू म्हटलं तर म्हणाली, ''देवाकडे दुसऱ्याच्या खांद्यावरून नको.'' परत चढताना मात्र हात माझा धरला. जोगेश्वरीत तो हात मी कधी धरला होता, आठवेना.

शेवटच्या सकाळी मोबाइल खोलीतच ठेवून आम्ही दोघी बाल्कनीत गप्प बसलो. अर्ध्या तासानं समोरच्या झाडावर लांब शेपटी हलली. आई कुजबुजली, ''अगं, हेच का तुझं शेकरू?'' मी नुसती मान हलवली. बोलले असते तर गेलं असतं.

जायचंय?

कसं जाल : एक्स्प्रेस वेनं तळेगाव, मग चाकण, राजगुरुनगर, वाडा. ट्रेकर असाल तर कर्जतहून खांडस. तिथून शिडी घाट किंवा सोपा गणेश घाट. पावसात शिडी घाट टाळा.

कधी : श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तुफान गर्दी. शांतता हवी तर मधल्या वारी.

लक्षात ठेवा : निघण्याआधी दर्शन सुरू आहे का, ते विचारून घ्या. प्लास्टिक परत आणा. आणि स्पीकर? तो घरीच ठेवा.