तिकीट काढून जेवण

दर फेब्रुवारीत मी पाच दिवस घरी नसते. बायोफिजिकल सोसायटीचं वार्षिक अधिवेशन असतं. व्याख्यानं, पोस्टर, चर्चा हे सगळं पुण्यातल्या सासूबाईंना पटतं. पण "शनिवारी रात्री आमच्या गटाचं जेवण असतं आणि त्याचं तिकीट आधी काढावं लागतं" असं सांगितलं की त्या हसतात. "पैसे देऊन अनोळखी माणसांच्या पंक्तीला बसायचं? ही तर खानावळ झाली!"

आपल्या मंडळातली काही मुलं सध्या पीएच.डी. करताहेत. त्यांचे आईवडीलही मला हेच विचारतात, जरा सौम्य शब्दांत. म्हणून हा लेख.

ही सोसायटी १९५८ सालची. आता अधिवेशनाला हजारो माणसं येतात. एवढ्या गर्दीत कोण कोणाला भेटणार? म्हणून विषयवार उपगट आहेत: पेशींच्या आवरणाचा अभ्यास करणारे, स्नायूंच्या आणि पेशींच्या हालचालींवाले, पेशीतल्या ऊर्जेचे हिशेब मांडणारे, ठरावीक घडी नसलेल्या प्रथिनांवाले. पहिला शनिवार या उपगटांचा. दिवसभर त्यांची व्याख्यानं होतात आणि संध्याकाळी बहुतेकांचं जेवण असतं, कधी हॉटेलच्या दालनात, कधी जवळच्या रेस्टॉरंटात.

माझा गट आवरणवाल्यांचा. पेशीच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम यांच्या ये-जा करण्यासाठी बारीक दारं असतात. ती उघडतात, मिटतात, म्हणून मज्जातंतूंतून संदेश धावतात. केनेथ कोल यांनी कर्टिस यांच्याबरोबर १९३९ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर यासंबंधी मूलभूत मोजमापं केली. आमचा उपगट त्यांच्याच नावानं पुरस्कार देतो.

आता जेवणाकडे येते. तिथे शोधनिबंधात न सापडणाऱ्या गोष्टी कळतात. आमच्यात पॅच क्लॅम्प नावाचं तंत्र आहे. नेहर आणि साकमन यांनी ते १९७६ मध्ये पुढे आणलं आणि १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काचेच्या नळीचं अतिसूक्ष्म टोक पेशीला टेकवून हलकेच हवा ओढायची, की काच आणि पेशी एकमेकींना घट्ट चिकटतात. निबंधात हे एका वाक्यात असतं. प्रत्यक्षात महिनामहिना काही चिकटत नाही. मग जेवताना शेजारचा माणूस सहज विचारतो, "नळ्या कधी ओढता? आदल्या दिवशी? त्याच दिवशी ओढा. धूळ बसते." किंवा, "ती पेशी आम्ही दोन वर्षं वापरून पाहिली. नाद सोडा." फसलेले प्रयोग सहसा कोणी छापत नाही, पण ताटावर बसलं की माणसं मोकळेपणानं सांगतात. त्या एका वाक्यानं एखाद्या विद्यार्थ्याचं वर्ष वाचतं.

२०२१ चं अधिवेशन करोनामुळे ऑनलाइन झालं. व्याख्यानं पडद्यावर छान ऐकू आली, उलट आरामखुर्चीत बसून ऐकली. पण हे "नाद सोडा" काही ऐकू आलं नाही.

आपल्याकडच्या मुलांची अडचण निराळीच असते. "पुढेपुढे करू नये" हे आपण त्यांच्या कानात लहानपणापासून घातलेलं आहे. काम चांगलं असलं की लोक आपसूक विचारतील, असंही. शिवाय 'नेटवर्किंग' म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा येतो तो वशिला. मला हा घोटाळा वाटतो. वशिल्यात काम न पाहता माणूस पुढे सरकतो. इथे तुमचं काम कोणाला तरी दिसावं एवढ्यासाठीच बसायचं असतं. आणि ओळख काढण्यात आपण काय कमी आहोत? रेल्वेच्या डब्यात "मूळचे कुठले?" पासून सुरू करून कल्याण यायच्या आत मावसबहिणीच्या दिरापर्यंत पोचणारी माणसं आपण!

एक मुलगी आठवते. नागपूरची, दुसऱ्या विद्यापीठातली. डिसेंबरात तिची पीएच.डी. झाली. पुढची जागा ठरलेली होती, पण तिथलं अनुदान बंद झालं आणि जागाही गेली. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर कामाची जी मुदत मिळते, तिच्या पहिल्या टप्प्यात एकूण ९० दिवसांहून जास्त बिनकामाचं राहता येत नाही. अधिवेशनाला आली तेव्हा तिचे चाळीसएक दिवस संपले होते. घरी तिनं हे सांगितलंच नव्हतं. जेवणाला ती येणार नव्हती, कारण नोकरी नसताना तिकिटाचे पैसे जिवावर येतात. उपगटानं विद्यार्थ्यांना सवलत दिली होती म्हणून आली.

ती नोकरीबद्दल अक्षर बोलली नाही. शेजारच्या वयस्कर शास्त्रज्ञाला तिनं विचारलं, की तुमच्या आलेखात सुरुवातीला जो बारीक खड्डा दिसतो, तो खरा की उपकरणाचा? त्यांनी काटा खाली ठेवला. पुढचा अर्धा तास कागदी रुमालावर आकृत्या काढण्यात गेला. त्यांच्याकडे जागा नव्हती. पण त्यांनी तिचं नाव आणखी एकाला कळवलं, त्या दुसऱ्याकडे होती. ८४व्या दिवशी ती रुजू झाली. मग तिनं नागपूरला फोन केला.

सगळ्यांचं असं होत नाही. कित्येक जेवणं नुसती कंटाळवाणी जातात. गोल टेबलाला दहाजण असले तरी बोलणं होतं ते डावी-उजवीकडच्या दोघांशीच, समोरचा नुसता हसतो. मोठी नावं एकमेकांच्याच शेजारी बसतात, आणि नवखी मुलं दाराजवळच्या टेबलावर गोळा होतात. तान्हं मूल घेऊन आलेल्या आईला रात्री आठचं जेवण काय उपयोगाचं? हेच दुपारी ठेवा, असं मी दोनदा सुचवून पाहिलं आहे. वाइनचं मात्र उगीच दडपण घेऊ नये. सोडा-लिंबाचा पेला हातात धरून मी सतरा जेवणं काढली, कोणी विचारलं नाही.

मुलांना एवढं सांगा. ओळखीच्या मित्राशेजारी बसू नका, तो रोज भेटतो. आडनाव अवघड असेल तर सावकाश, तोडून सांगा, नाहीतर समोरचा चुकण्याच्या भीतीनं हाकच मारत नाही. आपल्या कामातली एक अडचण मनात तयार ठेवा, यशाची यादी नको. आणि तिकीट काढतानाच शाकाहारी असल्याचं लिहून द्या. तरी येणार मशरूमचंच काहीतरी, पण निदान येईल.