बाळाच्या डोळ्यातील पांढरी चमक आणि आईला लागणारा बोल

लहान मुलाला कर्करोग झाला की घरात पहिला प्रश्न निघतो, "कोणामुळे झाला?" कोणी सांगते, आईने गरोदरपणी ग्रहण पाहिले. कोणी म्हणते, दृष्ट लागली. बोल बहुधा आईलाच लागतो. विज्ञान या प्रश्नाला काय उत्तर देते, ते आम्ही डोळ्याच्या एका कर्करोगाचे उदाहरण घेऊन सांगणार आहोत.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईचे, एक वडिलांचे. त्यांवर जनुके असतात. पेशीने कधी वाढावे आणि कधी थांबावे, हे जनुके ठरवतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना या सर्वांची नक्कल होते आणि नकलेत कधी चूक राहते. मूल वाढत असताना पेशी भराभर वाढतात. मोठ्यांचा कर्करोग पुष्कळदा तंबाखूमुळे होतो. मुलांचे तसे नसते.

रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. १३ व्या गुणसूत्रावर 'आरबी-१' नावाचे जनुक असते. ते पेशीच्या वाढीला लावलेला ब्रेकच होय. जोडी असल्याने असे ब्रेक दोन. एक बिघडला तरी दुसरा काम करतो. दोन्ही निकामी झाले की गाठ वाढू लागते. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नडसन यांनी ४८ मुलांच्या नोंदी तपासून १९७१ साली हा दोन घावांचा विचार मांडला. १९८६ साली ते जनुकही शास्त्रज्ञांच्या हाती लागले.

दुसरा ब्रेक अनेकदा कसा जातो? पेशीची वाटणी होताना चांगले गुणसूत्रच हरवते. ब्रेक गेल्यावर पुढच्या वाटण्याही बिघडतात. एका पेशीत गुणसूत्रे जास्त, दुसरीत कमी. याला गुणसूत्रांची अस्थिरता म्हणतात. तिच्यामुळे गाठ आणखी बेफाम होऊ शकते.

मग दोष कोणाचा? सुमारे ६० टक्के मुलांत दोन्ही घाव डोळ्यातील एकाच पेशीवर पडतात. उरलेल्यांत पहिला घाव जन्मतःच असतो. पण त्यांपैकीही बहुतेकांच्या आईवडिलांत तो नसतो, बाळातच नव्याने घडलेला असतो. घरात पूर्वी कोणाला हा रोग होता, अशी मुले दहात एखादेच. तेव्हा सुनेला बोल लावण्यास काडीचाही आधार नाही.

मात्र जन्मतः दोष असलेल्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होऊ शकतात आणि पुढे त्याच्या अपत्याला तो दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून रोग निघाल्यास भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत. रक्ताच्या तपासणीतून जनुकातील दोष कळू शकतो.

माता-भगिनींनो, ओळखण्याची खूण सोपी आहे. डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते. मोबाईलने फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा दिसतो. नव्याने आलेला तिरळेपणाही खूण असू शकतो. प्रत्येक पांढरी चमक कर्करोगाची नसते. पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. अंगारे-धुपारे करण्यात गेलेले आठवडे गाठीला वाढू देतात. गाठ डोळ्याबाहेर गेली की जीव वाचवणे कठीण होते.

वेळेवर उपचार मिळाले तर दहापैकी नऊहून अधिक मुले वाचतात. लेसर, गोठवण्याचा उपचार, औषधे असे मार्ग आहेत. कधी जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागतो. हे ऐकून काही आईबाप मुलाला घेऊन घरी परततात. तसे करू नये. कृत्रिम डोळा बसवता येतो आणि मूल इतरांसारखे शाळेत जाते.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. रेशन कार्ड आणि ओळखपत्र बरोबर न्यावे.