इन्स्टॉलर बांधताना...

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांचे अनेक छोटे कारखाने आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा भांड्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. असा बदल झाला, की बिलांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती गाळ्यागाळ्यात बसवावी लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. त्याच्या संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम कधी गाळ्यातील संगणकावर उघडतच नाही, तर कधी नवी आवृत्ती बसताच जुन्या नोंदी नाहीशा होतात. अशा वेळी दोष पुष्कळदा मूळ प्रोग्रॅमचा नसून इन्स्टॉलर बांधताना निवडलेल्या पर्यायांचा असतो.

प्रोग्रॅमच्या फाइली एकत्र बांधून नेणे, त्या योग्य जागी ठेवणे, विंडोजकडे त्यांची नोंद करणे आणि पुढे प्रोग्रॅम काढून टाकण्याची सोय ठेवणे, ही इन्स्टॉलरची कामे होत. १९९७ पासून उपलब्ध असलेले 'इनो सेटअप' आणि 'विनअ‍ॅम्प'च्या निर्मात्यांनी सुरू केलेले 'एनएसआयएस' ही त्यासाठीची प्रचलित साधने आहेत. दोन्हींत सूचनांची एक साधी मजकूर-फाइल लिहिली जाते व तिच्यावरून सेटअपची फाइल तयार होते.

संगणक कोणता?

पहिला निर्णय बिल्डचा. चाचणीसाठीचा 'डीबग' बिल्ड ग्राहकाला देऊ नये; त्याला लागणाऱ्या चाचणीच्या लायब्ररी ग्राहकाकडे नसतात. 'रिलीज' बिल्डच द्यावा आणि त्याला आवश्यक असलेले रनटाइम घटक संचातच घालावेत. ग्राहकाकडे जुने संगणक असतील तर ३२ बिटचा बिल्ड सोयीचा ठरतो. तो ६४ बिटच्या विंडोजवरही चालतो. ६४ बिटचा प्रोग्रॅम मात्र ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही. विंडोजची किमान आवृत्ती सूचनांमध्ये नमूद केली, की अपात्र संगणकावर सेटअप सुरुवातीलाच थांबतो. अर्धवट बसलेल्या प्रोग्रॅमपेक्षा हे केव्हाही बरे.

भाषा कोणती?

विंडोज एक्सपीच्या काळात देवनागरीसाठी जटिल लिप्यांच्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागत. आता ती अडचण राहिलेली नाही. इनो सेटअपमध्ये २००९ पासून, तर एनएसआयएसमध्ये २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडची सोय असल्याने इन्स्टॉलरच्या सूचनाही मराठीत देता येतात. प्रोग्रॅम जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर अवलंबून असेल, तर तो फॉन्ट संचात असावा आणि त्याच्या वितरणाचा परवानाही घेतलेला असावा. अन्यथा बिलावर मराठीऐवजी निरर्थक अक्षरे उमटतात.

नोंदी कोठे?

सर्वांत जोखमीचा प्रश्न हाच. 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये व्हिस्टापासून सामान्य खात्याला थेट लिहिता येत नाही. म्हणून प्रोग्रॅम तेथे आणि नोंदींची फाइल वेगळ्या, लिहिण्यायोग्य फोल्डरमध्ये अशी विभागणी करावी. संचातील कोरी नोंद-फाइल 'आधीची फाइल नसेल तरच ठेवावी' आणि 'प्रोग्रॅम काढताना पुसू नये' असे दोन पर्याय इनो सेटअपमध्ये आहेत. ते विसरले, तर कोरी फाइल भरलेल्या फाइलीची जागा घेऊ शकते. प्रोग्रॅमची ओळख सांगणारा 'अ‍ॅप आयडी' प्रत्येक आवृत्तीत तोच ठेवावा. तो बदलल्यास विंडोज नव्या आवृत्तीला वेगळाच प्रोग्रॅम समजते आणि दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

डिजिटल स्वाक्षरी नसलेल्या सेटअपपुढे विंडोजचा 'स्मार्टस्क्रीन' धोक्याचा इशारा दाखवू शकतो. असे इशारे बाजूला सारण्याची सवय ग्राहकाला लावणे धोक्याचे असल्याने स्वाक्षरीचा खर्च किमतीत धरलेला बरा.

सेटअप ग्राहकाकडे पाठविण्यापूर्वी एक तालीम अवश्य करावी. नुकतेच विंडोज बसविलेल्या, विकासाची कोणतीही साधने नसलेल्या संगणकावर आधी जुनी आवृत्ती बसवून चार बिले नोंदवावीत. त्यावर नवी आवृत्ती बसवून ती बिले तपासावीत. शेवटी प्रोग्रॅम काढून टाकून नोंदींची फाइल जागेवर आहे का, ते पाहावे. या तालमीस अर्धा तास लागेल. पुसली गेलेली वर्षभराची उधारी मात्र दुकानदाराला आठवणीने पुन्हा लिहिता येत नाही.